क्षमता, दक्षता की योग्यता : सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणातील एका शब्दाची पार्श्वभूमी

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांत व्यावसायिक क्षमता (इंग्रजीत 'कॉम्पिटन्सी', म्हणजे ज्ञान, कौशल्य आणि विवेक प्रसंगी एकत्र वापरता येणे) शिकवाव्यात की नाहीत, हा वाद आता उरलेला नाही. त्या कोणी ठरवायच्या, कोणाला शिकवायच्या आणि विद्यार्थ्याच्या अंगी त्या आल्या हे कशावरून ओळखायचे, एवढेच प्रश्न उरले आहेत. इंदूरमध्ये मराठी घरातला विद्यार्थी वर्गात इंग्रजी, वस्तीत हिंदी किंवा माळवी आणि घरी मराठी बोलतो, त्यामुळे इथे आणखी एक प्रश्न पुढे येतो : या गोष्टीला म्हणायचे तरी काय?

इंदूरमधील वैद्यकशिक्षणाचा आरंभ १८७८ च्या वैद्यकीय शाळेपर्यंत मागे जातो आणि महाविद्यालय १९४८ चे आहे. या दीर्घ काळातील एकच प्रसंग आजच्या विषयाशी थेट जुळतो. १९१८ साली होळकर दरबाराला शहररचनेचा अहवाल देणाऱ्या स्कॉटिश तज्ज्ञाने प्लेगच्या छायेतील शहरात दिवाळीची मिरवणूक काढवली आणि जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून ती जाईल, असे जाहीर करून लोकांना घरे-गल्ल्या झाडायला लावल्या. आजच्या क्षमतांच्या यादीत हे 'जनसंवाद' आणि 'लोकसहभाग' या दोन शीर्षकांखाली येईल. त्या काळी ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

देशपातळीवर कलकत्त्यात १९३२ साली स्वच्छताशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांची स्वतंत्र संस्था उभी राहिली, परंतु या क्षेत्राची पदविका दीर्घकाळ वैद्यकीय पदवीधरांचीच मानली गेली. १९४६ च्या आरोग्यविषयक अहवालाने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाची शिफारस केली आणि 'सामाजिक वैद्य' ही कल्पना मांडली. १९७७ च्या पुनर्रचना योजनेने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला ग्रामीण आरोग्य केंद्रांशी जोडले आणि त्यासाठी फिरते दवाखानेही दिले. गाड्या गावात पोचल्या, तरी परीक्षेची पद्धत बदलली नसल्याने विद्यार्थ्याचे लक्ष पूर्वीप्रमाणे रुग्णालयातील वॉर्डाकडेच राहिले. या योजनेच्या अपयशाचे कारण निधीत शोधले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते परीक्षेत होते.

याच दशकात परदेशात आजच्या संज्ञेची पायाभरणी झाली. १९७३ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बुद्धिमत्तेऐवजी प्रत्यक्ष कामातील क्षमता तपासावी, असे प्रतिपादन केले आणि १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वैद्यकशिक्षणातील क्षमताधारित अभ्यासक्रमावर पुस्तिका काढली. १९८८ च्या अमेरिकी अहवालाने सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था विस्कळीत झाल्याचे आणि विद्यापीठे प्रत्यक्ष कामापासून तुटल्याचे सांगितले. त्यानंतर मात्र याद्यांचा काळ सुरू झाला. २००१ मध्ये तेथील कर्मचाऱ्यांसाठी मूलभूत क्षमतांची यादी आली, २००६ मध्ये पदव्युत्तर पदवीसाठी स्वतंत्र आराखडा आला आणि २०१६ मध्ये अभ्यासक्रमांच्या अधिस्वीकृतीसाठी, म्हणजे मान्यतेसाठी, २२ पायाभूत क्षमता ठरल्या.

मराठीत हा शब्द आणताना जो गुंता झाला, तो किरकोळ समजला जातो. तो तसा नाही. मराठीत 'क्षमता' टाकीची असते, सभागृहाची असते, म्हणजे किती मावेल याचे ते माप आहे. शिवाय १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत 'क्षमताधिष्ठित' अभ्यासक्रम आल्यापासून या शब्दाला तक्त्यांचा आणि खुणांचा वास आहे. हिंदीतील 'दक्षता' हा प्रतिशब्द माळव्यातील मराठी माणसाला सहज चकवतो, कारण मराठीत दक्षता म्हणजे सावधगिरी. 'दक्षता घ्यावी' असे आपण पावसाळ्यात पाणी उकळून पिण्याबाबत म्हणतो. हिंदी कागदपत्रांतील 'योग्यता' तर शैक्षणिक अर्हतेकडे झुकते आणि मराठी कानाला लायकीसारखी ऐकू येते. एकाच इंग्रजी शब्दाची ही तीन भाषांतरे तीन वेगळे आग्रह मनात रुजवतात : मावणे, जपणे आणि पात्र ठरणे. मूळ संज्ञेत ज्ञान, कौशल्य आणि विवेक यांचा प्रसंगी एकत्र उपयोग अपेक्षित आहे. त्याच्या सर्वांत जवळचा मराठी शब्द 'हातोटी' आहे, पण तो कोणत्याही शासकीय कागदावर चालणार नाही आणि त्यात विवेकापेक्षा हाताचे कसब अधिक आहे. व्यवहारात शिक्षक 'कॉम्पिटन्सी' म्हणतात आणि पुढे जातात. मध्य प्रदेशात २०२२ पासून वैद्यकीय पदवीची पहिल्या वर्षाची पुस्तके हिंदीत आली, त्यामुळे हा प्रश्न आता केवळ भाषाप्रेमींचा राहिलेला नाही.

गेल्या दशकातील घडामोडी दाट आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाच्या स्वतंत्र सेवाश्रेणीचा, म्हणजे सरकारी नोकरीतील वेगळ्या संवर्गाचा, पुरस्कार केला, २०१८ मध्ये केंद्राने दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी नमुना अभ्यासक्रम दिला आणि २०२२ मध्ये सेवाश्रेणीबाबत राज्यांसाठी मार्गदर्शिका निघाली. पदवी बिगरवैद्यकीय पदवीधरांना खुली होत गेली. पदांबाबत राज्यांनी तेवढी तत्परता दाखवली नाही. एकच प्रशिक्षण घेतलेल्या दोघांपैकी एकाला सरकारी खात्यातील पद मिळावे आणि दुसऱ्याला प्रकल्पाचा करार, हे क्षमतेच्या भाषेत बसत नाही.

वैद्यकीय पदवीत २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने क्षमतांच्या यादीतील प्रत्येक नोंदीला चार पायऱ्या लावल्या : जाणतो, कसे ते जाणतो, करून दाखवतो आणि स्वतंत्रपणे करतो. त्याच्या मूळ आवृत्तीत सामुदायिक वैद्यकाच्या २० विषयांखालील १०७ नोंदींपैकी बऱ्याचशा पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबत होत्या. साथीचा तपास तिसऱ्या पायरीवर आहे. तरी साथ परीक्षेच्या वेळापत्रकानुसार येत नसल्याने, ती करून दाखवण्याची जागा बहुधा जुन्या साथीच्या आकड्यांवरील वर्गातील अभ्यास घेतो.

विद्यार्थ्याने गावातील कुटुंबे दत्तक घ्यावीत हा अलीकडचा उपक्रम ही उणीव काही अंशी भरून काढू शकतो, कारण तिथे कुटुंब वर्षानुवर्षे तेच राहते आणि चुकलेला सल्ला पुढच्या भेटीत समोर येतो. या भेटींत बोलणे कसे सुरू करावे, कोणत्या घरी कोणाशी आधी बोलावे हे विद्यार्थी पुष्कळदा आशा कार्यकर्तीकडून शिकतो. नोंदवहीतील प्रमाणन मात्र महाविद्यालयातील शिक्षकच करतो आणि तिच्या सहीसाठी तिथे रकाना नसतो.