व्हॅम्पायरच्या तोंडात रक्त आलं कुठून?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर तोच मजकूर फिरत येतो: व्हॅम्पायर म्हणजे पॉर्फिरिया या आजाराचे रुग्ण. या आजारात हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा घटक, नीट तयार होत नाही, काही प्रकारांत उन्हाने कातडी भाजते, म्हणून हे लोक रात्री बाहेर पडायचे आणि रक्त प्यायचे. ऐकायला पटतं. पण प्यायलेलं रक्त पोटात पचून जातं, त्याने या आजाराला उतार पडत नाही. शिवाय उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पना लोककथेतली नाहीच, ती १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने रूढ केली. १८९७ साली आलेल्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाही हिंडतो. सिनेमातल्या प्रसंगावरून शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांचं निदान करायचं आणि त्याला विज्ञान म्हणायचं, हे मला मान्य नाही.

खरं उत्तर प्रेताच्या शरीरात आहे, आणि ते फार सुरस आहे.

१७२५ साली सर्बियातल्या किसिलोवा गावात पेटर ब्लागोयेविच वारला. हा मुलूख तेव्हा नुकताच ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला होता. पेटरनंतर गावातली नऊ माणसं आठवडाभरात, एकेका दिवसाच्या दुखण्याने गेली. पेटर झोपेत येतो, उरावर बसतो आणि गळा दाबतो, असं त्यांनी मरण्याआधी सांगितल्याचं गावकरी म्हणत. कबर उघडू द्या, नाहीतर आम्ही गाव सोडतो, असं त्यांनी सरकारी अधिकाऱ्याला बजावलं. तो बिचारा धर्मगुरूला सोबत घेऊन गेला आणि जे दिसलं ते लिहून त्याने वर पाठवलं. पुरून दहा आठवडे झालेले. नाक थोडं बसलेलं, बाकी देह ताजा. दुर्गंधी नाही. केस आणि दाढी वाढलेली. जुनी नखं गळून नवी आलेली. पांढुरकी कातडी सुटून खाली नवी कातडी. आणि तोंडात ताजं रक्त. लोकांनी अणकुचीदार खुंटा छातीत ठोकला तेव्हा कानातोंडातून भळाभळा रक्त वाहिलं. मग त्यांनी देह जाळून टाकला.

हा अहवाल मी पुन्हा पुन्हा वाचतो. लिहिणाऱ्याने थापा मारलेल्या नाहीत. न्यायवैद्यकाचं पुस्तक शेजारी ठेवून वाचलं, तर जवळपास प्रत्येक ओळीचा उलगडा होतो.

हृदय थांबलं की पेशींचा प्राणवायू तुटतो आणि पेशींतली विकरं (एन्झाइम) त्यांच्याच आवरणांना पचवू लागतात. आतड्यातल्या जिवाणूंना जिवंतपणी शरीराने आत कोंडून ठेवलेलं असतं, ते मोकळे सुटतात. त्यांना हवा लागत नाही. ते मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड असे वायू बनवत सुटतात. पूर ओसरल्यावर काठाला लागलेलं मेलेलं जनावर आठवा: पोट टम्म, कातडी ताणलेली. माणसाचंही तेच होतं. हयातभर हाडंकाडं दिसणारा माणूस कबरीत धष्टपुष्ट दिसतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा कुणाचं तरी रक्त पिऊन माजलाय. वायूचा दाब पोटातून वर चढतो, फुप्फुसं पिळली जातात आणि त्यातला तांबूस-काळा द्रव श्वासनलिकेतून तोंडात येतो. हेच ते ‘ताजं रक्त’. खुंटा ठोकला की कोंडलेला दाब एकदम सुटतो. वायू स्वरयंत्रातून गेला तर आवाजही होतो. सर्बियातल्याच आर्नोल्ड पाओलेच्या प्रेताने खुंटा मारताच आवाज काढला, असं लष्करी शल्यवैद्याच्या १७३२ च्या अहवालात आहे.

‘नवी कातडी’ कुठून आली? कातडीचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो आणि हातमोजा काढावा तसा नखांसकट निघून येतो. खाली उरते ओलसर, लालसर अंतस्त्वचा आणि नखाखालचा कोवळा भाग. दाढीचं म्हणाल तर, कातडी सुकून आकसते आणि आतले खुंट बाहेर दिसू लागतात. मेल्यावर केस आणि नखं वाढतात हा समज अजूनही घट्ट आहे, पण वाढीसाठी पेशींचं विभाजन लागतं, त्याला ग्लुकोज लागतं, आणि ते पुरवणारं रक्ताभिसरण तर थांबलेलं असतं.

दहा आठवड्यांत देह सडला कसा नाही? जर्मन न्यायवैद्यक योहान कास्परने एक ढोबळ हिशेब दिला आहे: उघड्यावर एका आठवड्यात जेवढं कुजतं, तेवढं जमिनीत पुरल्यावर आठ आठवड्यांत. म्हणजे पेटरचा देह उघड्यावरच्या सव्वा आठवड्याइतकाच कुजलेला.

आता माझ्या सर्वांत आवडीचा भाग. मेल्यावर रक्त गोठतं, पण पुष्कळदा ते पुन्हा पातळ होतं. गुठळी फायब्रिन या प्रथिनाच्या जाळ्याने धरलेली असते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर बाहेर पडतं, ते प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन करतं, आणि प्लाझ्मिन ते जाळं कातरून टाकतं. फायब्रिन ज्यापासून बनतं ते फायब्रिनोजेन संपलेलं असल्याने रक्त परत गोठत नाही. अचानक मृत्यू आला असेल तर हे हमखास दिसतं. याच आधारावर १९३० साली मॉस्कोत सेर्गेई युदिन यांनी मृत माणसाचं रक्त जिवंत रुग्णाला चढवलं.

लोकांनी पाहिलं ते खरं होतं, कारण चुकीचं लावलं. साथीत माणसं पटापट मरू लागली की गुन्हेगार हवा असतो. तिथे तो कबरीत शोधला. आपल्याकडे जिवंत बाईलाच डाकीण ठरवून मारहाण होते, त्यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला. प्रेताला खुंटा ठोकणं त्यापुढे फारच सौम्य म्हणायचं.

पण कथांमधला व्हॅम्पायर फुगलेला, लालबुंद खेडूत नसतो. तो फिकट, उमदा सरदार असतो. हा बदल एका डॉक्टरने केला. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या राखेने आणि गंधकाने पुढच्या वर्षी युरोपचा उन्हाळा पावसाळी आणि गारठ्याचा गेला. जिनिव्हाजवळ घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं. त्यातून मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आला, आणि इंग्रज कवी बायरनचा वीस वर्षांचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची व्हॅम्पायरकथाही. ती १८१९ साली छापली गेली.

फिकट चेहरा, चमकणारे डोळे, ओठांवर रक्त: हे रूप त्या काळी घरोघरी दिसत होतं. ते क्षयाचं रूप. माझ्या मते गॉथिक, म्हणजे त्या काळच्या गूढ भयकथांतला, व्हॅम्पायर इतकी वर्षं टिकला तो यामुळेच, वाचकाने त्याला आपल्याच घरात खाटेवर पाहिलेलं होतं. घरातलं एक माणूस जायचं, मग त्याने ओढून न्यावं तसं दुसरं, तिसरं.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये, एक्सेटर गावात, मर्सी ब्राउन ही १९ वर्षांची मुलगी जानेवारी १८९२ मध्ये क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू शोधल्याला दहा वर्षं होत आली होती. मार्चमध्ये गावकऱ्यांनी तिघींचे देह तपासले. आई आणि बहिणीचे सांगाडे उरले होते. हिवाळाभर थंड कोठडीत ठेवलेल्या मर्सीच्या हृदयात मात्र रक्त सापडलं. हजर असलेल्या डॉक्टरने फुप्फुसांतल्या क्षयाच्या खुणा दाखवल्या, कुणी ऐकलं नाही. हृदय जाळून त्याची राख एडविनला पाजली. मेमध्ये तोही गेला.