वाग्नरवर इस्रायलमध्ये कायद्याने बंदी? नाही!

पुण्यात सवाईच्या मांडवाबाहेर कलावंताच्या मतांवर वाद रंगला की कुणीतरी ठासून सांगतंच, ‘इस्रायलमध्ये वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवणं गुन्हा आहे.’ तसा कायदा तिथे नाही. आहे तो बहिष्कार. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, तेव्हा पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्राने (ज्यू वादकांचा वाद्यवृंद, आजचा इस्रायल फिलहार्मोनिक) वाग्नरची रचना कार्यक्रमातून काढली आणि तोच प्रघात पडला. वाग्नर हिटलरचा लाडका संगीतकार खरा, पण तो वारला १८८३ मध्ये, हिटलरच्या जन्माआधी. तरी ज्यूद्वेष वाग्नरने स्वतः १८५० मध्ये लिहून छापला होता, हे झाकू नये. आपल्या मुंबईच्या वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहतांनी १९८१ मध्ये तेल अवीवला वाग्नर वाजवला, तेव्हा गदारोळ झाला. २००१ मध्ये जेरुसलेमला वाद्यवृंद-संचालक बारेनबॉइम यांनी आधी श्रोत्यांनाच विचारलं, वाग्नर वाजवू का? अर्धा तास वाद झाला. काही जण दारं आपटत निघून गेले; उरलेल्यांनी ऐकलं. खटला झाला नाही.