वरिष्ठाला ‘थांबा’ कोण म्हणणार?

7 नोव्हेंबर 2007 ची सकाळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर दाट धुके होते आणि ओकलंड बंदरातून ‘कॉस्को बुसान’ हे नऊशे फूट लांबीचे कंटेनर जहाज बाहेर पडत होते. कप्तान आणि खलाशी चिनी, वाट दाखवणारा पायलट अमेरिकन. (परक्या बंदरात जहाजावर स्थानिक पायलट चढतो, हे मुरगाव-वास्कोच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) पायलटने इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या लाल त्रिकोणांचा अर्थ कप्तानाला विचारला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांचे दोन-चार शब्द झाले, उलगडा नीटसा कुणाचाच झाला नाही आणि जहाज पुढे चालत राहिले. थोड्याच वेळात ते बे ब्रिजच्या एका खांबाच्या संरक्षक कठड्याला घासले. कुशीला भगदाड पडले आणि सुमारे दोन लाख लिटर इंधन तेल उपसागरात सांडले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. पायलट घेत असलेल्या औषधांचा त्याच्या आकलनावर परिणाम झाला होता, हे मुख्य कारण निघाले. पण मंडळ तिथे थांबले नाही. निघण्यापूर्वी पायलट आणि कप्तान यांनी बसून मार्गाची नीट उजळणी केली नव्हती, प्रवासात दोघांत धड संवाद नव्हता आणि कप्तानाने पायलटच्या कामावर पुरेशी नजर ठेवली नाही, हेही कारणांत नोंदले गेले. पायलट चढला तरी जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच असते. तो पायलटला थांबवू शकत होता, नियमाने त्याने थांबवायलाच हवे होते. तरी तो गप्प राहिला.

अनेक देशांच्या माणसांचा गट चालवणे म्हणजे काय, याचे शास्त्र या गप्प राहण्याभोवती फिरते असे माझे मत आहे. गोव्यात हा विषय नवा नाही. बार्देस-साष्टीतली कितीतरी घरे तारवट्यांच्या, म्हणजे बोटींवर नोकरी करणाऱ्यांच्या, पगारावर उभी राहिली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’ होत्या, तिथे मुक्काम करून आपली माणसे ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर चढत. आज क्रूझ जहाजावर एका खानावळीत पंधरा-वीस देशांचे कर्मचारी जेवतात. वेर्ण्याच्या औषध कारखान्यातला पर्यवेक्षक सकाळी युरोपातल्या खरेदीदाराशी बोलतो, पर्वरीतला संगणक अभियंता रात्री अमेरिकेशी. बढती मिळून परदेशी सहकाऱ्यांचा गट हाताखाली आला की कंपनी एक दिवसाचे प्रशिक्षण देते. जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, जर्मन माणसाकडे वेळेवर पोहोचावे, असे काहीबाही त्यात शिकवतात. पहिल्या संध्याकाळच्या जेवणापुरते ते ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फारसा उपयोग नाही.

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला अभ्यास गीर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाचा. आयबीएम कंपनीच्या जगभरच्या कर्मचाऱ्यांनी 1967 ते 1973 या काळात भरलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्याने चाळल्या आणि 1980 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातली एक मोजपट्टी ‘सत्ता-अंतर’ या नावाने ओळखली जाते: वरचा वर आणि खालचा खाली हे खालच्या माणसाला किती स्वाभाविक वाटते, याचे माप. पूर्वीच्या गोव्यातला भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार आठवा. मुंडकाराला भाटकाराची चूक दिसत नव्हती असे नाही, पण ती त्याच्या तोंडावर सांगण्याची रीतच नव्हती. हॉफस्टेडच्या पट्टीवर डेन्मार्कचा आकडा 18, अमेरिकेचा 40, भारताचा 77, फिलिपिन्सचा 94. चीनचा 80 धरतात, तो नंतर अंदाजाने ठरवलेला आहे.

हे आकडे पाहून ‘कॉस्को बुसान’चे कोडे सुटल्यासारखे वाटते. पण जरा सबुरीने. देशाची सरासरी एका माणसावर चिकटवता येत नाही; खुद्द हॉफस्टेडनेही तसे बजावले होते. शिवाय त्याचा नमुना एकाच कंपनीतला, अर्ध्या शतकापूर्वीचा. त्यावरून अख्ख्या देशाचे मन वाचता येते का, यावर 2002 पासून ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी सडकून टीका केली आहे. मला ती बरीचशी पटते. गोवेकर म्हणजे आरामात जगणारा, हा शिक्का पर्यटकांनी मारला; तोच गोवेकर जहाजाच्या भटारखान्यात दिवसाला दहा-दहा तास उभा असतो. अशा आकड्यांवरून गट चालवणाऱ्याला एवढेच कळते की आपल्या टेबलाभोवती ‘वरिष्ठांपुढे बोलणे’ या एका गोष्टीचे चार वेगळे अर्थ बसलेले असू शकतात. कुणाचा कोणता, हे त्या माणसाला पाहूनच शोधावे लागते.

बोलण्याचा भाग जरा खोलात पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या एम्स केंद्राशी संबंधित उटे फिशर आणि जुडिथ ओरासानू यांनी वैमानिकांना संकटाचे प्रसंग दिले आणि सहकाऱ्याला तुम्ही काय म्हणाल, असे विचारले. कप्तान बहुतेक वेळा सरळ हुकूम देत: ‘उजवीकडे वळा.’ सहवैमानिक मात्र सूचना, प्रश्न किंवा नुसता इशारा पसंत करत: ‘पुढचा ढग बराच काळा दिसतोय.’ ही माणसे एकाच देशाची, एकच भाषा बोलणारी होती. म्हणजे आडून बोलणे ही काही पूर्वेकडची मक्तेदारी नाही; पायरी खालची असली की अमेरिकनही आडून बोलतो. परकी भाषा आणि परका वरिष्ठ आला की त्यावर आणखी एक थर चढतो, इतकेच.

तो थर किती महाग पडतो, ते 25 जानेवारी 1990 रोजी दिसले. बोगोटाहून न्यूयॉर्कला निघालेले आव्हियांकाचे विमान खराब हवामानामुळे वाटेत पुन्हा पुन्हा आकाशात घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले होते. कोलंबियन सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला इंग्रजीत कळवलेही की इंधन संपत आहे. पण ‘आणीबाणी’ हा शब्द त्याने उच्चारला नाही. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या आकाशात त्या एका शब्दाशिवाय कुणाला रांगेतून पुढे काढत नाहीत. विमान लाँग आयलंडवर कोसळले आणि 158 पैकी 73 जण मेले. सहवैमानिकाच्या लेखी त्याने सांगितले होते, नियंत्रकाच्या लेखी त्याने मागितले नव्हते.

मग पुढाऱ्याने करायचे काय? ‘माझे दार सदैव उघडे आहे’ असे सांगणारे साहेब आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या दारातून सहसा कुणी आत जात नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन 1990 च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत औषधांच्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले: चांगल्या गटांत चुका जास्त! बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला तो असा, की चुका जास्त होत नव्हत्या, त्या जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या गटांत त्या मुकाट्याने झाकल्या जात. यातूनच ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना पुढे आली आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका उत्पादक कंपनीतल्या 51 गटांवर त्यांनी ती तपासली. ज्या गटाकडून वाईट बातमी कधीच येत नाही, त्याच्या पुढाऱ्याने खूश होण्याऐवजी दचकावे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

व्हिडिओ बैठकीत याला एक वेगळाच फाटा फुटतो. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांत मोजले. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झाले. सरासरी निघाली सेकंदाचा सुमारे पाचवा भाग. जपानी जवळजवळ लगेच, सरासरी 7 मिलिसेकंदांत उत्तर देतात, तर डॅनिश लोक 469 मिलिसेकंदांनी. (जपानी माणूस फार विचार करून थांबून बोलतो, या आपल्या समजुतीचे इथे काय होते पाहा.) फरक अर्ध्या सेकंदाहून कमी, पण कानाला तो जाणवतो. त्यात इंटरनेटचा विलंब मिळवा. फोनवरच्या संभाषणात मुद्दाम विलंब घालून जर्मनीत 2014 च्या सुमारास प्रयोग झाले. लोकांनी त्या यांत्रिक उशिराचे खापर समोरच्या माणसावर फोडले. तो कमी लक्ष देणारा, कमी मनमिळाऊ वाटला. म्हणजे आसगावच्या भाड्याच्या बंगल्यात पावसाळ्यात कनेक्शन रडायला लागले की ओस्लोतल्या बाईंना आपण आळशी वाटू लागतो! बैठक चालवणाऱ्याने प्रश्न विचारून मनात पाच आकडे मोजावेत आणि प्रत्येकाला नाव घेऊन विचारावे, हा उपाय फुकटचा आहे. एवढी साधी गोष्ट का होत नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

मिश्र गटांचा फायदा होतो की तोटा, याचे सरळ उत्तर नाही. गुंटर स्टाल आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 108 अभ्यास एकत्र केले, त्यांत 10,632 गट होते. संस्कृती वेगवेगळ्या असल्या की कामावरून वाद वाढतात आणि एकोपा कमी होतो. दुसरीकडे नव्या कल्पना जास्त येतात आणि माणसे समाधानीही जास्त असतात. वाद आणि कल्पना बहुधा एकाच झऱ्यातून येतात. वाद मिटवण्याची घाई करणारा पुढारी कल्पनाही मिटवतो.

विमान आणि जहाज या दोन धंद्यांनी मात्र गप्प राहण्यावर नुसता उपदेश न करता कवायत बसवली. 1977 च्या मार्चमध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो जेट आदळून 583 माणसे गेली. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसेल का, अशी शंका एका विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. त्याच्या ज्येष्ठ कप्तानाने ती झटकून टाकली. नासाने 1979 मध्ये या विषयावर कार्यशाळा घेतली, 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने पहिले प्रशिक्षण सुरू केले आणि तीच शिकवण पुढे जहाजांवर उतरली. सागरी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात 2010 मध्ये मनिला येथे दुरुस्त्या झाल्या, त्या 2012 पासून लागू आहेत. त्यांनुसार नेतृत्व आणि गटकार्य हे अधिकाऱ्याच्या पात्रतेचा भाग झाले. दिशादर्शन येते तसेच हेही यावे लागते. उपजत असो वा नसो.

जहाजावरची इंग्रजीही याच विचाराने आखलेली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये प्रमाण वाक्ये ठरवली. त्यात आठ खुणेचे शब्द आहेत: सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती, इरादा. वाक्य बोलण्याआधी ते कोणत्या जातीचे आहे, ते जाहीर करायचे. ‘इशारा: पुढे अडथळा आहे.’ ऐकणाऱ्याला स्वर ओळखावा लागत नाही आणि बोलणाऱ्याला धीटपणा उसना आणावा लागत नाही, कारण धीटपणा नियमानेच त्याच्या तोंडी घातलेला असतो. सुकाणूवाल्याला हुकूम दिला की तो शब्दशः परत म्हणतो, मग करतो. नवखा असो की तीस वर्षांचा जुना, फिलिपिनो असो की साळगावचा. अपमान कुणाचाच होत नाही, कारण सगळेच म्हणतात. कार्यालयातल्या बैठकीत हेच करून पाहायला हरकत कसली? ‘आता मी इशारा देतोय, मत नाही’ असे म्हणण्याची मुभा आधीच ठरवून दिली, तर गटातला सर्वांत कनिष्ठ माणूसही पात्रांवला, म्हणजे साहेबाला, अडवू शकतो.

गोव्याच्या समुद्रशास्त्रज्ञांना हे सवयीचे असावे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मलीच मुळी तेराचौदा देशांच्या चाळीसेक जहाजांनी केलेल्या हिंदी महासागर मोहिमेतून, 1966 मध्ये. 2009 च्या जानेवारीत याच संस्थेचे पथक जर्मनीच्या ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात गेले. समुद्रात लोह मिसळून शेवाळ वाढते का आणि ते कार्बन तळाशी नेते का, हे पाहायचे होते. मुख्य शास्त्रज्ञ दोन, संस्थेचे वाजिह नक्वी आणि जर्मन संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक. सोबत इटली, स्पेन, चिली, फ्रान्स आणि ब्रिटनचे लोक. पर्यावरणवाद्यांनी आक्षेप घेतला, जर्मनीची दोन मंत्रालये आपसांत भांडली आणि परवानगी येईपर्यंत जहाज वाट पाहत राहिले. निकालही अपेक्षेपेक्षा वेगळा आला: शेवाळ वाढले, पण समुद्रातल्या इवल्या कवचधारी जीवांनी ते खाऊन टाकले आणि कार्बन फारसा खाली गेलाच नाही.

अशा मोहिमांत भांडणाची खरी जागा असते पाण्याची बाटली. खोल समुद्रातून बाटल्यांचे कडे वर येते, पाणी मोजके आणि मागणारे डझनभर. आधी कुणी घ्यायचे? जगभरच्या संशोधन जहाजांवर हे पद किंवा देश पाहून ठरत नाही. हवा लागताच बिघडणाऱ्या वायूंचे नमुने आधी, त्यांत विरघळलेला प्राणवायू अगदी सुरुवातीला; मग पोषक क्षार; क्षारतेचा नमुना सर्वांत शेवटी, कारण त्याला घाई नसते. कुणाला किती मिलिलिटर, हे बंदर सोडण्यापूर्वीच कागदावर असते. तो कागद हातात घेऊन एक जण बाटल्यांपाशी उभा राहतो, बहुधा एखादा विद्यार्थीच, आणि घाई करणाऱ्या प्राध्यापकाला मागे व्हायला सांगतो.