हिमोफिलियाच्या ट्रायलमध्ये नाव घालायचंय? बेळगाव सीमाभागातल्या रुग्णांसाठी माहिती

सीमाभागात कुठल्याही सरकारी योजनेचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: आपण इकडचे की तिकडचे? महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना इथल्या 865 गावांना लागू केली तेव्हाही कर्नाटकाने लगेच हरकत घेतलीच. क्लिनिकल ट्रायलला, म्हणजे नव्या औषधाच्या रुग्णांवरच्या चाचणीला, मात्र हा प्रश्न लागू होत नाही. हिमोफिलिया, फॉन विलेब्रँड किंवा रक्त गोठण्याच्या दुसऱ्या कुठल्या दोषावरच्या नव्या औषधासाठी खानापूरचा माणूस पुण्यात नाव घालू शकतो, निपाणीचा बेंगळुरूत. तिथे रहिवासी दाखल्यावर निवड होत नाही, रक्ताच्या रिपोर्टांवर होते. आणि आपली मंडळी बहुधा तिथेच अडकतात.

शोधायचं कुठे

भारतातल्या ट्रायलची नोंद आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या संकेतस्थळावर करावी लागते. 15 जून 2009 पासून ती सक्तीची आहे. बघायला पैसे पडत नाहीत. आजाराचं नाव इंग्रजीत टाका आणि हिमोफिलियाचं स्पेलिंग अमेरिकी व ब्रिटिश अशा दोन्ही तऱ्हांनी करून बघा. यादीतल्या बऱ्याच ट्रायल केव्हाच संपलेल्या असतात, म्हणून नोंद उघडली की आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ वाचायचं. ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. त्याच पानावर कोणत्या दवाखान्यात ट्रायल चालू आहे, प्रमुख डॉक्टर कोण, त्यांचा फोन, तिथल्या एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी आली का, हे सगळं सापडतं. फोन स्वतः करा. मधला माणूस ‘नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. ट्रायलमध्ये शिरायला फी नसते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ‘ए’वर केलेल्या जीन थेरपीचे (सदोष जीनची उणीव भरून काढणाऱ्या उपचाराचे) निकाल डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारानंतरच्या पाहणीच्या काळात एकाही रुग्णाला रक्तस्राव झाला नाही. बातमी आनंदाचीच, पण रुग्ण होते फक्त पाच. त्या भरवशावर चालू उपचार सोडून वाट बघत बसू नये.

बेळगावला ट्रायल हा प्रकार तसा नवखा नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारी मिझोप्रोस्टॉलची गोळी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, नर्सबाईंच्या हातून, 1620 बायकांवर तपासली गेली आणि 2006 मध्ये त्याचा निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. निम्म्या जणींना साधी, औषध नसलेली गोळी दिली होती. तुमच्या ट्रायलमध्ये तसं काही आहे का, ते आधी विचारून घ्या.

पात्रता आणि कागद

रिपोर्टवर नुसतं ‘हिमोफिलिया’ असून भागत नाही. ‘ए’ की ‘बी’, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी फॅक्टर 8 कमी की 9, आणि किती टक्के, हे आकड्यात हवं. 1 टक्क्याखाली असेल तर आजार तीव्र, 1 ते 5 मध्यम, त्यावर 40 पर्यंत सौम्य. बऱ्याच ट्रायल तीव्र रुग्णच घेतात. फॅक्टरचं इंजेक्शन घेतल्यावर लगेच रक्त दिलं तर आकडा फुगून येतो आणि पात्र माणूस अपात्र ठरू शकतो. तेव्हा तपासणीची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दुसरा रिपोर्ट इनहिबिटरचा, म्हणजे दिलेल्या फॅक्टरला निकामी करणाऱ्या अँटीबॉडीचा. काही ट्रायलना इनहिबिटर असलेलेच रुग्ण हवे असतात, काहींना अजिबात चालत नाहीत. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्टही मागतात. जीन थेरपीसाठी यकृताची स्थिती बघतात, आणि औषध वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी शरीरात आधीच असतील तर बहुतेक वेळा नकार मिळतो.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे रक्तस्रावाची वही. तारीख, डावा गुडघा की उजवा कोपरा, किती युनिट दिलं, कुठल्या दवाखान्यात, एवढंच लिहायचं. फॅक्टरच्या बाटलीवरचं स्टिकर निघत असेल तर तेच वहीत चिकटवा, बॅच नंबर आपोआप राहतो. वर्षभरात किती वेळा रक्तस्राव झाला हे बऱ्याच ट्रायलना लागतं, आणि ‘महिन्यातून एक-दोनदा होतं हो’ हे तिथे चालत नाही.

आधार आणि वयाचा पुरावा सोबत ठेवाच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलिया 21 अपंगत्वांत मोडतो. ते प्रमाणपत्र ट्रायलला लागत नाही, पण काढून ठेवलेलं बरं. उपचारासाठी जाताना हिमोफिलियाच्या रुग्णांना रेल्वेत सवलत आहे, तिचे कागद जाण्याआधीच तयार करा.

संमतीपत्र

स्क्रीनिंगचं, म्हणजे पात्रता तपासणीचं, रक्तसुद्धा सही झाल्यावरच घेतात, आणि स्क्रीनिंगनंतरही नकार येऊ शकतो. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असलंच पाहिजे, हा 2019 च्या क्लिनिकल ट्रायल नियमांचा भाग आहे. बेंगळुरूत कन्नड आणि इंग्रजी प्रत पुढे केली आणि तुम्हाला मराठीच नीट वाचता येत असेल, तर मराठी प्रत मागा. त्यात भांडण काही नाही. प्रत घरी न्या, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, मग सही करा. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. मूल असेल तर आईवडिलांची संमती लागतेच, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा होकारही विचारला जातो.

फॉर्मात शिक्षण, धंदा, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारलेलं बघून घाबरायला होतं. उत्पन्नावर निवड होत नाही. नॉमिनी भरपाईसाठी असतो. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई वेगळी, ही जबाबदारी नियमांनीच ट्रायल करणाऱ्यांवर टाकली आहे. सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. प्रवासखर्च किती आणि कधी मिळणार, तेही तिथेच विचारा. बेळगावहून रात्रीच्या गाडीने बेंगळुरू गाठायचं म्हणजे सोबत्याचंही तिकीट आलं, मजुरीचा दिवसही गेला.

आता खरा प्रश्न: रात्री दोनला गावात सांध्यात रक्तस्राव होऊन गुडघा सुजला तर? ट्रायलचं कार्ड आणि चोवीस तास लागणारा नंबर खिशात हवा, आणि गावच्या डॉक्टरांना औषधाचं नाव आधीच माहीत हवं. उदाहरणार्थ, एमिसिझुमॅब हे हिमोफिलिया ‘ए’चं इंजेक्शन घेणाऱ्याची एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी, तपासणी नॉर्मल दिसते, पण म्हणून रक्त नीट गोठतंय असं नव्हे. त्यातच एपीसीसी (इनहिबिटर असलेल्यांना रक्तस्राव थांबवायला देतात ते औषध) जास्त दिल्याने रक्तात गुठळ्या झाल्याची उदाहरणं आहेत.

ट्रायल मधेच सोडता येते, कारण सांगावं लागत नाही, आणि त्यावरून नेहमीचा उपचार कोणी अडवू शकत नाही. जीन थेरपीचं तेवढं वेगळं आहे. एकदा शरीरात गेलेली काढता येत नाही, नाव मागे घेतलं तरी थांबतात त्या फक्त तपासण्या.