ब्रिज (दातांचा), दंतसेतू

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताची रिकामी जागा शेजारच्या दातांच्या आधारावर पक्की भरून काढायची पद्धत म्हणजे ब्रिज. परिभाषेत दंतसेतू असा शब्द आहे खरा, पण तो कुणाच्या तोंडात नाही. नागपुरात पेशंट 'फिक्सवाले दात बसवायचे आहेत' म्हणतो, डॉक्टर ब्रिज म्हणतो आणि घरी जाऊन तोच पेशंट 'तीन कॅप लावल्या' असं सांगतो. तिन्ही बरोबरच आहे. कवळी रोज काढून धुवायची, ब्रिज मात्र सिमेंटने चिकटवलेला, तो पेशंटला काढता येत नाही, आणि इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू, त्यात शेजाऱ्यांना हात लावावा लागत नाही. ब्रिजमध्ये शेजाऱ्यांनाच सगळं सोसावं लागतं.

साध्या तीन दातांच्या ब्रिजमध्ये दोन टोकांचे खरे दात म्हणजे अबटमेंट (आधारदात), त्यांच्यावर बसणाऱ्या कॅप म्हणजे रिटेनर, मधला अधांतरी खोटा दात म्हणजे पॉन्टिक आणि या सगळ्यांना जोडणारे सांधे म्हणजे कनेक्टर. पॉन्टिकला मूळ नसतं, तो हिरडीला जेमतेम टेकलेला असतो, म्हणून त्याच्यावर चावताना पडणारा सगळा भार दोन्ही आधारदातांच्या मुळांवर जातो.

मूळ आणि वाद. पहिला ब्रिज कोणी केला यावर दंतेतिहासाच्या पुस्तकांत बरीच शाई खर्च झालीय आणि बहुतेक भांडण एकाच गोष्टीचं आहे, की तारेने बांधलेला दात म्हणजे ब्रिज म्हणायचा का. इजिप्तमध्ये गिझाच्या दफनभूमीत पुरातत्त्वज्ञ युंकर यांना 1914 साली सोन्याच्या तारेने एकमेकींना जोडलेल्या दोन दाढा सापडल्या, काळ साधारण इ.स.पू. 2500. काही जण त्याला जगातलं सगळ्यात जुनं दातांचं काम म्हणतात. पण त्या दाढा जबड्यात बसलेल्या मिळाल्या नाहीत, सुट्या मिळाल्या, त्यामुळे ते ताईतासारखं काहीतरी असावं असंही मत आहे आणि ते जास्त पटतं.

सिडोनचा (आजचं लेबनॉन) पुरावा जास्त भक्कम आहे. 1862 मध्ये फ्रेंच अभ्यासक रेनाँ यांच्या उत्खनन मोहिमेत गायार्दो यांना तिथल्या एका थडग्यात जबड्याचा तुकडा मिळाला, त्यात पुढचे दात सोन्याच्या तारेने गुंफलेले आणि त्यातले दोन दुसऱ्याच कुणाचे तरी. म्हणजे रिकामी जागा आहे, बाहेरून आणलेला दात आहे आणि शेजाऱ्यांचा आधारही आहे, ब्रिजची व्याख्या पूर्ण होते. काळ इ.स.पू. पाचवं-चौथं शतक धरतात.

इटलीतल्या एट्रुस्कन लोकांचं काम त्याच्याही आधीचं, बहुधा इ.स.पू. सातव्या शतकापासूनचं, आणि तंत्र वेगळं. तार नाही, सोन्याची चपटी पट्टी, ती आधारदातांभोवती कड्यासारखी वळवलेली आणि मधे खोटा दात छोट्या खिळ्याने ठोकलेला. तार्क्विनियाच्या एका नमुन्यात बैलाचा रुंद दात मधोमध खाच पाडून दोन दातांसारखा दाखवलाय. जुने इतिहासकार याला सरळ वैद्यकीय उपचार मानत. मानववंशशास्त्रज्ञ मार्शल बेकर यांचं म्हणणं असं की हे वापरणाऱ्या बहुतेक वरच्या थरातल्या बायका होत्या, हेतू मिरवायचा होता आणि काहींनी तर पट्टी घालता यावी म्हणून धडधाकट दात काढून घेतले असावेत. हाती असलेले नमुने मोजकेच आहेत, पण पट्टी किती मऊ सोन्याची असते ते पाहिलं तर त्यावर भाकरी चावणं अवघडच, त्यामुळे बेकर यांच्या बाजूला वजन जास्त वाटतं. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात (साधारण इ.स.पू. 450) प्रेतासोबत सोनं पुरायला बंदी होती, मात्र सोन्याने बांधलेल्या दातांना सूट होती, यावरून ही चाल बऱ्यापैकी रुळलेली असावी.

भारताबाबत दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक म्हणजे अश्विनीकुमारांनी पूषा देवाचे पडलेले दात नीट केल्याचा चरकसंहितेतला उल्लेख. आता शतपथ ब्राह्मणात हाच पूषा बिनदाताचा म्हणून त्याला दळलेलं अन्न देतात, तेव्हा हा उपचार कितपत टिकला ते वाचकाने ठरवावं. सुश्रुतात दंतरोग आहेत, कीटण खरवडायचं दंतशंकू नावाचं हत्यार आहे, वरचा दात हलत असला तरी उपटू नये अशी ताकीदही आहे, पण शेजारच्या दाताला खोटा दात बांधायची कृती काही तिथे दिसत नाही. दुसरी गोष्ट कनौजच्या जयचंदाची. 1194 मध्ये चंदावरच्या लढाईत तो पडला आणि प्रेत ओळखलं गेलं ते दातांवरून. इतिहासकार फिरिश्ता (सतराव्या शतकाचा आरंभ) खोटे दात म्हणतो, त्यामुळे लोकप्रिय लेखांत 'भारतातला पहिला ब्रिज' असं छापून येतं. पण त्याच काळात हयात असलेला अरब इतिहासकार इब्न अल-अथीर वेगळं सांगतो, दात मुळाशी कमजोर झाले होते म्हणून सोन्याच्या तारेने एकमेकांना बांधलेले होते. चारशे वर्षांनंतरच्यापेक्षा समकालीनाचं ऐकावं हे बरं. म्हणजे जयचंदाच्या तोंडात ब्रिज नव्हता, हलत्या दातांना दिलेला आधार होता, ज्याला आज स्प्लिंट म्हणतात.

आधुनिक काळ. पॅरिसचे दंतवैद्य फोशार यांचा ग्रंथ 1728 चा, त्यात मुळात खुंटी ठोकून वर दात बसवायची रीत आहे. चिनीमातीचे दात अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्येच आले. एकोणिसाव्या शतकात सोन्याच्या पत्र्याच्या कॅप ठोकून, त्या डाग देऊन जोडून ब्रिज व्हायचे. 1907 मध्ये अमेरिकेत टॅगर्ट यांनी मेण वितळवून साच्यात सोनं ओतायची पद्धत दंतकामात आणली आणि कॅप दातावर नेमकी बसायला लागली, आपल्याकडचे मूर्ती ओतणारे कारागीर हेच कितीतरी आधीपासून करत होते. 1962 च्या वाइनस्टीन पेटंटांनी धातूवर पोर्सेलिन न तडकता भाजता येऊ लागलं आणि आज ज्याला नुसतं 'सिरॅमिक' म्हणतात (आत धातू, वर पांढरं) ते रूढ झालं. झिरकोनिया (आत धातू नसलेलं पांढरं सिरॅमिक) अगदी अलीकडचं.

भाराचं गणित. हा भाग पेशंटला कुणी समजावत नाही म्हणून थोडा लांबवतो. ब्रिज म्हणजे दोन खांबांवरची तुळई. तुळईचा बाक लांबीच्या घनाने वाढतो, म्हणजे एका पॉन्टिकला जेवढा बाक तेवढ्याच जाडीच्या दोन पॉन्टिकना आठपट आणि तिनांना सत्तावीसपट. उलट जाडी निम्मी केली तरी आठपट. म्हणून 'चार दात गेलेत, दोन बाजूच्या दोनांवर टाकून द्या ना' हे कुठल्याही डॉक्टरला ऐकवत नाही. अँटे यांनी 1926 मध्ये मांडलेला नियम असा की आधारदातांच्या मुळांचं एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं तरी हवं. दंतवैद्यकाच्या परीक्षेत हा हमखास विचारतात. पुढे स्वीडनमधल्या अभ्यासांत हिरडीची नीट काळजी घेतलेल्या पेशंटमध्ये यापेक्षा बऱ्याच कमी आधारावरचे ब्रिजही वर्षानुवर्षं टिकलेले दिसले, तेव्हा याला नियमापेक्षा सावधगिरीचा सल्ला म्हणणं योग्य.

कॅपला जागा व्हावी म्हणून आधारदात घासावा लागतो. सिरॅमिकसाठी चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर आणि कडेने सव्वा-दीड मिलिमीटर. बाजूच्या भिंती किंचित निमुळत्या, पुस्तकात साधारण सहा अंश, कारण जास्त निमुळत्या झाल्या तर कॅप सटकते आणि अजिबात नसल्या तर बसतच नाही. घासलेलं इनॅमल परत येत नाही. पेशंटचा दात आधीच कॅप लावण्याजोगा असेल तर काही बिघडत नाही, पण दोन्ही शेजारी निरोगी असताना एका दातासाठी दोघांना सोलणं हाच या पद्धतीवरचा सगळ्यात जुना आक्षेप, आणि तो खराच आहे.

यावर उतारा म्हणून मेरीलँड ब्रिज आला. रोशेट यांनी 1973 मध्ये खालच्या पुढच्या दातांच्या मागून चिकटवायची भोकांची धातूपट्टी केली, तीही मुळात हलत्या दातांसाठीच, म्हणजे जयचंदाचाच आजार. पुढे मेरीलँड विद्यापीठात धातू आम्लाने खरखरीत करून रेझिनने चिकटवायची रीत निघाली. यात दात जवळपास घासत नाहीत. पुढच्या दातांना आता दोनऐवजी एकाच पंखाचा (मागून चिकटवायच्या पट्टीचा) जास्त पसंत करतात, कारण दोनातला एक गुपचूप सुटला की त्याखाली कीड लागते. एका बाजूनेच आधार असलेल्या नेहमीच्या ब्रिजला कँटिलिव्हर म्हणतात, तो दाढेच्या जागी शक्यतो टाळतात.

नागपूर. इथलं शासकीय दंत महाविद्यालय 1968 चं, मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातच. खाजगी दवाखाने धंतोली-रामदासपेठेत खच्चून आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडूनही लोक दातांसाठी इथे येतात आणि 'एकाच चकरेत करून द्या' म्हणतात, जे होत नाही. दात काढल्यावर खड्डा भरायला साधारण तीन महिने थांबायचं, मग घासणं आणि माप, मधे टेम्पररी दात, मग धातूची ट्रायल, मग रंग मिळवणं, मग चिकटवणं. फार उशीर केला तरी पंचाईत, शेजारचा दात रिकाम्या जागेत कलतो आणि समोरच्या जबड्यातला दात त्या जागेत उतरतो.

इथल्या पेशंटमधली मुख्य अडचण खर्रा. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारं सुपारी-तंबाखू-चुन्याचं हे मिश्रण वर्षानुवर्षं गालात धरलं की गालाची आतली कातडी आखडते आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी तोंड साधारण 35 ते 45 मिलिमीटर उघडतं, ते 20 वर आलं की मागच्या दाढेपर्यंत घासायचं मशीनही जात नाही आणि मापाचा ट्रेही नाही. शिवाय सुपारीने दाढा झिजून बुटक्या होतात आणि बुटक्या दातावर कॅप नीट धरत नाही. दुसरी अडचण फ्लोराइडची, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागात बोअरच्या पाण्यात ते जास्त असल्यामुळे दातांवर तपकिरी चट्टे असतात. कंपनीच्या शेड गाइडच्या (दाताचा रंग जुळवायच्या नमुन्यांच्या) सोळा रंगांत तो रंग नाही. तसं इनॅमल चिकटवण्याआधी लावायच्या आम्लाला दाद देत नाही म्हणून मेरीलँडही नीट चिकटत नाही.

रस्त्याच्या कडेला बसून दात लावून देणारे अजूनही अनेक शहरांत आहेत, पावडर आणि लिक्विड कालवून तोंडातच दात जमवायचा आणि तारेने शेजारच्याला बांधून टाकायचा. पाहिलं तर सिडोनचंच तंत्र, सोनं सोडून. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने बिननोंदणीची ही प्रॅक्टिस बेकायदा ठरवली, आणि त्या प्लॅस्टिकखाली हिरडी किती सडते ते काढल्याशिवाय दिसत नाही.

टिकाऊपणा. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर नेहमीच्या ब्रिजपैकी साधारण 89 टक्के दहा वर्षांनी तोंडात असतात, कँटिलिव्हर 80 च्या आसपास. बिघडण्याचं मोठं कारण पोर्सेलिन नाही (सावजी मटणाचं हाड फोडताना टवका उडतो तो भाग वेगळा), खरं कारण आधारदाताला कॅपच्या कडेला लागणारी कीड. पॉन्टिकखालून साधा ब्रश फिरत नाही, तिथे सुपरफ्लॉस (दातांखालून ओवायचा जाड धागा) किंवा बारीक ब्रश घालावा लागतो आणि तो घालणारा पेशंट विरळाच.

ब्रिज एका टोकाला सुटला आणि दुसऱ्या टोकाला धरून राहिला तर पेशंटला काही कळत नाही, फक्त तोंडाला वास येतो किंवा खारट लागतं. तपासायची युक्ती सोपी आहे, कॅपच्या कडेला थेंबभर पाणी सोडून बोटाने ब्रिज वर-खाली हलवायचा, बुडबुडे आले की सिमेंट गेलेलं. अशा वेळी तो वाट न पाहता काढायला लागतो आणि बहुतेकदा अखंड निघत नाही, कॅपला उभी चीर पाडून कापूनच काढावा लागतो.