मऊ रबर घ्यायचं की कडक रबराला बूस्टर मारायचं?

टेबल टेनिसच्या बॅटला लावायचं नवीन रबर हातात आलं की पहिलं काम काय, तर अंगठ्याने दाबून बघायचं. मीपण तेच करतो, इतकी वर्षं करतोय, आणि त्यातून मला आजवर फारसं काही कळलेलं नाही हेपण सांगून टाकतो. कारण अंगठ्याला दोन अगदी वेगळी रबरं जवळपास सारखीच लागतात. एक म्हणजे मुळातच मऊ स्पंज (रबराच्या खालचा फोमसारखा थर) असलेलं, आणि दुसरं म्हणजे कडक स्पंजचं पण बूस्टर, म्हणजे स्पंज फुगवणारं तेल, पाजून फुगवलेलं. "हरिकेन कडक लागतंय ना, मग बूस्टर मार, मऊ होईल", हरिकेन नावाच्या चायनीज रबराबद्दलचं हे वाक्य आमच्या क्लबात आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

त्याच्या आधी पॅकेटवर स्पंजच्या कडकपणाचे जे आकडे असतात त्यांचं बोलू, कारण अर्धे लोक तिथेच फसतात. आमच्याकडे एक नववीतला पोरगा आहे, फोरहँडला ४७.५ चं जर्मन स्पंजवालं रबर वापरायचा आणि ते त्याला जरा कडक वाटायचं. नेटवर बघितलं तर हरिकेन ३ वर ३९ लिहिलेलं, म्हणजे साडेआठ डिग्रीने मऊ, असा हिशोब करून वडलांकडून पैसे घेतले आणि मागवलं. पहिल्याच दिवशी तोंड पाडून आला, म्हणाला दादा बॉल फळीवर मारल्यासारखा वाटतोय, नेटच्या वर जातच नाही. जाणार कसा! चायनीज ३९ आणि जर्मन ३९ या एकाच पट्टीवरच्या खुणा नाहीत, मोजायची यंत्रंच वेगळी आहेत. हरिकेनचं ३९ म्हणजे जर्मन हिशोबात पन्नाशीच्या आसपास, आणि तेच ४० किंवा ४१ घेतलं तर अजून वर. जपानी कंपनी बटरफ्लायची पट्टी तिसरीच, त्यांच्या टेनर्जी ०५ रबराला ते ३६ म्हणतात, डिग्निक्स ०५ ला ४० आणि डिग्निक्स ०९सी ला ४४. क्लबातलं ढोबळ गणित असं की चायनीज आणि बटरफ्लायच्या आकड्यात दहा-अकरा मिळवले की जर्मन आकड्याच्या जवळपास पोचतो, पण हे गणित भाजीवाल्याच्या अंदाजासारखं, त्याच्यावर पैज लावू नका. शिवाय वरचं रबर म्हणजे टॉपशीट जाड आहे की पातळ, त्याच्या खालचे दाणे कसे आहेत, यानेपण कडकपणा बदलतो, आणि पॅकेटवरचा आकडा बहुतेक वेळा नुसत्या स्पंजचा असतो.

आता मुद्द्यावर येतो. मऊ स्पंज आणि बूस्ट केलेला कडक स्पंज यांच्यात फरक काय, तर मला गादीचं उदाहरण सगळ्यात पटतं. मऊ रबर म्हणजे पातळ फोमची गादी. बसलं की लगेच खाली जाते, मजा येते, पण जोरात टेकलं की पार्श्वभागाला थेट पलंगाची फळी लागते. कडक रबर म्हणजे वर्षानुवर्षं दबून दगड झालेली कापसाची गादी. आणि बूस्टर म्हणजे तीच गादी पिंजून आणणं. कापूस तोच, वजन तेवढंच, फक्त आत हवा खेळायला लागली, वर बसलं की दबते पण कितीही आपटलात तरी फळी लागत नाही. आणि पिंजलेली गादी काही महिन्यांनी परत बसते ना, तसंच बूस्टरचंपण होतं, त्यावर पुढे येतो.

टेबलावर हे कसं दिसतं बघा. हलक्या हाताने काउंटर मारत असाल, ब्लॉक करत असाल, तर दोन्ही रबरं सारखीच छान वाटतात, बॉल आपोआप उडतो, आवाजपण गोड येतो. फरक कळतो तो समोरून आलेल्या जड बॅकस्पिनच्या (उलट्या फिरकीच्या) बॉलवर पाय रोवून पूर्ण ताकदीने लूप, म्हणजे बॉलला पुढे फिरवणारा फटका, मारता तेव्हा. मऊ रबरात स्पंज पूर्ण दबतो, बॉल लाकडाला जाऊन टेकतो, आणि त्या क्षणी तुमची जादाची ताकद स्पिनमध्ये जायची बंद होते, बॉल एकतर सरळ नेटमध्ये किंवा भरकटत टेबलाबाहेर. आमच्यात याला "तळ लागला" म्हणतात. बूस्ट केलेल्या कडक रबराचा तळ सहसा लागत नाही, जितकं घालाल तितकं ते परत देतं. आणि बूस्टर न मारता तेच कडक रबर वापरलं तर तळ लागणार नाहीच, पण ते जागं व्हायलाच इतकी ताकद लागते की शनिवार-रविवार खेळणाऱ्या माणसाचा खांदा जातो. म्हणजे बूस्टरने रबर "मऊ" होतं असं म्हणण्यापेक्षा ते लवकर जागं होतं असं म्हणणं जास्त बरोबर. हाताला थोडं मऊ लागतं हे खरं, पण तो त्याचा मुख्य गुण नाहीच.

सर्व्हिस रिसीव्ह करताना मात्र उलटा खेळ होतो. छोटा पुश (बॉल खालून हलकेच ढकलणं), टेबलावरच दोनदा पडणारा टच, यासाठी मेलेलं, म्हणजे बूस्टर न मारलेलं, कडक रबर सगळ्यात बरं, बॉल जिथे ठेवाल तिथे बसतो. मऊ रबरावर तो थोडा उडतो. आणि ताजं बूस्ट केलेलं असेल तर पहिले तीन-चार दिवस प्रत्येक पुश लांब जाऊन समोरचा फुकटचा लूप मारतो. मी स्वतः असे किती पॉइंट घालवलेत त्याची मोजदाद नाही.

हे बूस्टर प्रकरण आलं कुठून तेपण सांगतो कारण त्याशिवाय नियम कळत नाही. सत्तरच्या दशकात युरोपातल्या खेळाडूंना कळलं की सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून रबर चिकटवलं की बॉल भन्नाट सुटतो. युगोस्लाव्हियाचा शुर्बेक आणि हंगेरीचा क्लांपार यांची नावं यात घेतली जातात. त्या सोल्युशनमधला द्रव स्पंजमध्ये शिरून उडून जायचा, स्पंज फुगायचा, वरचं रबर ताणलं जायचं. त्यालाच पुढे स्पीड ग्लू म्हणायला लागले, आणि मॅचच्या आधी दरवेळी ताजा लावायला लागायचा, म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात पाच-सहा जण ब्रश घेऊन बसलेत आणि सगळीकडे तो डोकं गरगरवणारा वास. तो वास तब्येतीला वाईटच होता. शेवटी आंतरराष्ट्रीय फेडरेशनने १ सप्टेंबर २००८ पासून हे उडणारे द्रव असलेले ग्लू बंद केले, बीजिंग ऑलिम्पिक हे स्पीड ग्लूवालं शेवटचं ऑलिम्पिक. मग आले बूस्टर, म्हणजे तेलासारखे न उडणारे द्रव, वास नाही, डोकं दुखत नाही, आणि एकदा मारला की काही आठवडे टिकतो.

कंपन्यांनी तोपर्यंत दुसरी वाट काढली होती. बटरफ्लायने १९९७ मध्ये ब्राइस काढलं, त्यात ताण कारखान्यातच भरलेला. २००८ ची टेनर्जी त्याच वाटेवरची पण स्पंज वेगळा, मोठ्या भोकांचा. आजची बहुतेक जर्मन रबरंपण अशीच, कारखान्यातून फुगूनच येतात. म्हणून जर्मन किंवा जपानी ताणलेल्या रबराला वर बूस्टर मारणं म्हणजे भरलेल्या पोटी श्रीखंड. होतं काय, तर रबर लिबलिबीत होतं, कंट्रोल जातो, आणि टॉपशीटला लवकर चिरा पडतात. बूस्टरचा खरा उपयोग चायनीज, चिकट टॉपशीटच्या, कडक स्पंजच्या रबरालाच. त्यातपण हरिकेन ३ निओ कारखान्यातून थोडं फुगवलेलं असतं, ज्यावर निओ लिहिलेलं नाही ते कोरडं. हे न बघता घेतलंत तर एकाच नावाची दोन रबरं दोन तऱ्हेची लागतील आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या घालत बसाल.

मी बूस्टर मारायचो तेव्हाची रात्र अजून डोळ्यासमोर आहे. जेवणाच्या टेबलावर जुना पेपर, त्यावर रबर उलटं, स्पंज वर. आधीच्या ग्लूचा थर बोटाने घासून घासून काढायचा, तो शेवयांसारखा निघतो. मग छोट्या सपाट ब्रशने एकाच दिशेने पातळ थर. पाच मिनिटं काही होत नाही, तुम्हाला वाटतं बाटली खोटी आली, आणि मग मधला भाग हळूहळू वर उचलायला लागतो, कडा खाली वळतात. स्पंजची बाजू फुगते, टॉपशीट तेवढं वाढत नाही, म्हणून सगळी शीट टॉपशीटच्या बाजूला वळत जाते, अर्ध्या तासात तव्यावर भाजलेल्या पापडासारखी, आणि सकाळी उठून बघावं तर चक्क नळी! आई म्हणायची हे काय वाळत घातलंयस. मग ती परत सपाट व्हायची वाट बघायची, कधी एक दिवस कधी दोन, दुसरा थर, परत नळी, परत वाट. घाई करून नळी अवस्थेतच चिकटवलं तर दोन दिवसात कडा ब्लेडवरून, म्हणजे बॅटच्या लाकडी फळीवरून, सुटतात, आणि ओढून काढायला गेलात तर लाकडाचे तंतूपण रबराबरोबर येतात. माझ्या एका ब्लेडला कडेला अजून तो खड्डा आहे.

आणि महिना-दीड महिन्याने काय होतं, तर तेल उतरतं, रबर आकसतं. काढून परत ब्लेडवर ठेवलं की कडेने तीन-चार मिलीमीटर लाकूड उघडं दिसतं, जणू रबर धुतल्यावर आटलं. याचा त्रास असा की तुमची बॅट रोज थोडी थोडी बदलत असते. पहिल्या आठवड्यात पुश लांब जातो, तिसऱ्या आठवड्यात सगळं मस्त, सहाव्या आठवड्यात लूप नेटमध्ये, आणि तुम्हाला वाटतं माझा फॉर्म गेला. मऊ रबराची ही कटकट नाही, ते पहिल्या दिवशी जसं असतं तसंच हळूहळू म्हातारं होतं.

नियमाचं सरळ सांगतो. टेबल टेनिसच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की रबरावर कोणतीही भौतिक, रासायनिक किंवा इतर प्रक्रिया न करता ते वापरायचं. म्हणजे बूस्टर बेकायदा, त्यात दोन मतं नाहीत. मग पकडत का नाहीत, तर उडणारे द्रव शोधणारं यंत्र तेल पकडत नाही. पकडलं जातं ते जाडीत आणि सपाटपणात, रबर, स्पंज आणि ग्लू मिळून ४ मिलीमीटरच्या वर चालत नाही, आणि जाड स्पंजचं रबर फुगवलं की ते सहज ओलांडतं. एका स्पर्धेत माझी बॅट तपासणीच्या गेजवर अडली होती, मध्यभागी किंचित फुगवटा, आणि मग उधारीच्या बॅटने खेळून पहिल्याच राउंडला घरी. तेव्हा फार राग आला होता पण चूक माझीच होती. गल्लीतल्या स्पर्धेत कुणी बघत नाही हे खरं आहे, तिथे ज्याने त्याने आपलं ठरवावं.

आपल्याकडचा अजून एक भाग म्हणजे पावसाळा. बूस्टर मारायचा म्हणजे ओघाने चिकट चायनीज टॉपशीट आलंच, आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे टॉपशीट दमट हवेत ओशट होतं, बॉल घसरतो, दर दोन पॉइंटला पुसत बसा. तेव्हा तुमची स्पंज डिग्री ३९ आहे की ४१ याने काडीचा फरक पडत नाही.

बरं, मग घ्यायचं काय? आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याने, माझ्या मते, जर्मन पट्टीवर ४५ ते ४७.५ च्या मधलं घ्यावं आणि बूस्टरचं नाव काढू नये. बॅकहँडला तर त्याहून थोडं मऊच बरं, तिथे मनगटाचा छोटा फटका असतो, तेवढ्या ताकदीत कडक रबर जागं होतच नाही. मोठ्या चिनी खेळाडूंपैकी कित्येकजणसुद्धा फोरहँडला हरिकेन आणि बॅकहँडला टेनर्जी नाहीतर डिग्निक्स लावतात ते उगाच नाही. तुमचा लूप खरंच तळाला जातोय, म्हणजे जोरात मारल्यावर लाकडाचा "टक" असा कोरडा आवाज येतोय आणि बॉलचं कमानीत उडणं बंद होतंय, तर एक पायरी वर जा, ४७.५ वरून ५० वर, एकदम हरिकेनवर उडी नको. २०१४ पासून प्लॅस्टिकचा बॉल आला, त्यावर स्पिन कमी बसतो, म्हणून सगळेच थोडे कडककडे सरकलेत, पण थोडे.

आणि त्या नववीतल्या पोराचं हरिकेन मी तीनशे रुपये कमी देऊन घेतलं. बूस्टर नाही मारला. माझ्या जुन्या चॉपिंगच्या (मागे राहून बॉल कापत बचाव करायच्या) बॅटला लावलंय, तिथे ते मेलेलंच छान चालतं.