पॅनोरमा व्हिडिओतील विकृती आणि तिचे निवारण

शंभर अंशांहून रुंद, प्रसंगी पूर्ण ३६० अंशांचा देखावा सपाट पडद्यावर आणताना सरळ रेषा वाकतात आणि कडेची माणसे ताणली जातात. हा दोष आटोक्यात ठेवण्याच्या रीतींना विकृतिनिवारण म्हणतात. 'निवारण' हा शब्द जरा जास्तच आशावादी आहे. गोलाचा पृष्ठभाग ताणल्या-फाडल्याशिवाय सपाट होत नाही, हे गणितज्ञ गाउसच्या १८२७ मधील सिद्धांतावरून निघते. नागपूरचा झिरो माइलचा स्तंभ (१९०७) ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे, त्याच्या नकाशाकारांपुढेही हाच पेच होता.

भिंगाचा स्वतःचा दोष त्यामानाने सोपा. बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा कागद निरनिराळ्या कोनांतून टिपून भिंग चित्र किती वाकवते हे सांगणारे गुणांक काढतात आणि मग प्रत्येक फ्रेम त्याच हिशेबाने सुधारतात.

खरी अडचण प्रक्षेपण, म्हणजे गोल देखावा सपाट चौकटीत उतरवण्याची रीत, निवडताना येते. दीक्षाभूमीचा स्तूप जवळून चित्रित केला की ती लगेच दिसते. सरळरेषी प्रक्षेपणात खांब ताठ राहतात, पण घुमट चौकटीच्या कडेला गेला की अंड्यासारखा लांबतो. १२० अंशांच्या चित्रात अगदी कडेची वस्तू मध्यापेक्षा चौपट रुंद आणि दुप्पट उंच दिसते. तिथे उभ्या असलेल्या पाहुण्याला हे आवडत नाही. स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण घुमटाची गोलाई जपते, मात्र खांबांना बाक येतो. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. म्हणून २०१९ पासूनच्या काही पद्धती चेहऱ्यांपुरते स्टिरिओग्राफिक आणि मागच्या इमारतींना सरळरेषी असा तोडगा काढतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिथून काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या नागपुरातील इतवारीच्या गल्ल्यांना पानिनी प्रक्षेपण बरे. अठराव्या शतकातील रोमच्या एका चित्रकारावरून त्याला हे नाव पडले. यात उभ्या रेषा आणि गल्लीच्या टोकाकडे धावणाऱ्या रेषा सरळ राहतात. वाकतात त्या आडव्या, आणि मिरवणुकीच्या गर्दीत त्यांच्याकडे कोण बघतो?

छायाचित्रात चालून जाणारी सुधारणा व्हिडिओत मात्र अंगलट येऊ शकते. प्रत्येक फ्रेमचा हिशेब स्वतंत्र केला, तर चेहरा हलताच मागची भिंत जेलीसारखी थरथरते. त्यामुळे बदल अनेक फ्रेमांवर हळूहळू पसरवतात, थोडा बाक शिल्लक राहिला तरी चालवून घेतात.

दोन किंवा अधिक भिंगांच्या कॅमेऱ्यात त्यांची चित्रे जिथे जोडतात त्या सांध्याचा प्रश्न वेगळाच. भिंगे एकाच बिंदूवर नसतात, त्यामुळे जवळची वस्तू सांध्यावर तुटते किंवा दुहेरी दिसते. मारबत दोन हातांवरून जाणार असेल, तर कॅमेरा आधीच वळवून सांधा दूरच्या भिंतींवर न्यावा लागतो. पुतळ्याचे तुटलेले नाक नंतर संगणकावर नीट जुळत नाही.